जमिनीतील ओल कोणाच्या हिशेबात?

एप्रिल उजाडला की परभणीचे नाव वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येऊ लागते. एरवी ह्या जिल्ह्याची आठवण राज्यकर्त्यांना फारशी होत नाही. पण पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या पुढे सरकला की राज्यातील सर्वांत तप्त शहरांच्या यादीत परभणी हटकून असते. २०१९ च्या एप्रिलअखेर येथील पारा ४७ अंशांच्या पुढे गेल्याची नोंद झाली, तेव्हाही चार दिवस चर्चा झाली आणि मृगाच्या पहिल्या सरीबरोबर ती वाहून गेली. सूर्य आग ओकतो आहे, झाडे तोडली गेली, सारे जगच तापते आहे, अशी तीन कारणे सांगून हा विषय दर वर्षी संपविला जातो. तिन्ही कारणांत तथ्य आहे. परंतु चौथे एक कारण आपल्या पायांखाली आहे आणि त्याविषयी ना प्रशासन बोलते, ना राजकीय पक्ष. ते कारण म्हणजे जमिनीतील ओल.

प्रस्तुत लेखक हवामानशास्त्राचा अभ्यासक नव्हे. त्याचे आयुष्य अर्थशास्त्र शिकविण्यात गेले. परंतु ज्या संपत्तीचा हिशेब ठेवला जात नाही तिची उधळपट्टी होते, आणि त्या उधळपट्टीचा तोटा शेवटी ज्याच्यापाशी काहीच नाही त्याच्या माथी येतो, हे सांगणे अर्थशास्त्राच्याच कक्षेत येते. जमिनीतील ओलीच्या बाबतीत आज नेमके हेच घडत आहे.

प्रथम ह्या विषयातील विज्ञान थोडक्यात पाहू. ते अवघड नाही. सूर्याची जी शक्ती जमिनीवर पडते तिचा काही भाग परावर्तित होतो. उरलेल्या शक्तीला मुख्यतः दोन वाटा असतात. जमिनीत ओल असेल तर तिचा मोठा हिस्सा पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. मातीतून थेट आणि पिकांच्या व झाडांच्या पानांतून. ही उष्णता वाफेत सुप्त राहते, हवा तापवीत नाही. जमीन कोरडी असेल तर ही वाट बंद होते आणि तीच शक्ती माती तापविते, व तापलेली माती वरची हवा तापविते. माठातले पाणी ज्या न्यायाने गार राहते त्याच न्यायाने ओली जमीन आपल्या वरच्या हवेचा ताप कमी करते. माठ पाझरायचा थांबला की त्यातले पाणी कोमट होते. जमिनीचेही तसेच आहे.

ह्या व्यवहारातील आकडे डोळे उघडणारे आहेत. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. एका हेक्टरावरून एक मिलिमीटर पाणी उडाले म्हणजे दहा हजार लिटर पाणी उडाले. त्यासाठी खर्ची पडणारी उष्णता विजेच्या भाषेत साडेसहा हजार युनिटांहून अधिक भरते. केवळ एका हेक्टराचा आणि एका मिलिमीटरचा हा हिशेब आहे. शहरातील वातानुकूलन यंत्रे घरातली उष्णता बाहेर ढकलतात आणि वर विजेचे बिल घेतात. जमिनीतील ओल हे काम फुकट करते, आणि फुकट आहे म्हणूनच तिला कोणी विचारीत नाही.

आता परभणी जिल्ह्याकडे वळू. गोदावरी, पूर्णा आणि दुधना ह्या नद्यांच्या खोऱ्यांतली येथील जमीन बहुतांशी काळी व भारी आहे. एक मीटर खोलीच्या अशा जमिनीत पिकाला घेता येईल असे पाणी साधारणतः १५० ते २०० मिलिमीटर राहू शकते. जिल्ह्यातील लागवडीखालची जमीन पाच लाख हेक्टरांच्या घरात आहे. जिंतूरच्या डोंगराळ भागातल्या व इतरत्रच्या हलक्या, उथळ जमिनींसाठी सूट देऊन सरासरी अवघे १०० मिलिमीटर धरले, तरी ही माती ५० कोटी घनमीटर पाणी धरू शकते. यलदरी धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ८१ कोटी घनमीटर आहे. म्हणजे यलदरीच्या निम्म्याहून मोठे एक धरण ह्या जिल्ह्याच्या शेतांत पसरलेले आहे. त्याला भिंत नाही, दरवाजे नाहीत, बुडीत क्षेत्र नाही आणि त्यासाठी कोणीही विस्थापित झालेले नाही. यलदरीत किती टक्के पाणी आहे हे पावसाळ्यात रोज छापून येते. ह्या दुसऱ्या धरणात किती पाणी आहे हे मात्र कोणी विचारीत नाही.

आपल्या जुन्या शेतकऱ्याला ह्या धरणाची जाण होती. वाफसा हा शब्द त्याच जाणिवेतून आलेला आहे. उत्तरा आणि हस्त ह्या नक्षत्रांचा पाऊस जमिनीत मुरला की त्या ओलीवर रब्बीची ज्वारी, करडई आणि हरभरा पाण्यावाचून पिकत असत. भारी जमीन तडकू लागली की भेगांतून खोलवरची ओल निघून जाते म्हणून तो कोळपणी करून त्या बुजवीत असे; एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, हा हिशेब त्याने पुस्तकात वाचलेला नव्हता. फाल्गुनापर्यंत ही ओल पिकाच्या दाण्यात उतरे. ते योग्यच होते. ओल ही अखेर माणसाचे पोट भरण्यासाठीच आहे. प्रश्न पिकाने घेतलेल्या ओलीचा नाही. जी मुरलीच नाही, बांध फुटून ओढ्याला गेली, किंवा उघड्या रानाच्या भेगांतून उडाली, तिचा आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ऐन मे महिन्यात परभणीची कोरडवाहू जमीन बहुतेक दर वर्षी कोरडीच असते, तेव्हा ओलीने फरक तो काय पडणार, असे कोणी विचारील. आक्षेप बरोबर आहे. ओलीचा प्रभाव सर्वांत ठळक दिसतो तो ओले आणि कोरडे ह्यांच्या संधिकाळात. जमीन पुरेशी ओली असते तोवर थोडी ओल कमी झाल्याने बिघडत नाही. पूर्ण कोरडी झाल्यावर आणखी बिघडण्यासारखे काही उरत नाही. मधल्या टप्प्यात मात्र ओलीचा प्रत्येक मिलिमीटर तापमानावर परिणाम करतो. म्हणून खरा प्रश्न असा की, जमीन कोरडी होण्याची तारीख कोणती? ती मार्चअखेरीऐवजी जानेवारीअखेरीस आली, तर उन्हाळा तितके आठवडे आधी सुरू होतो आणि तापलेल्या दिवसांची संख्या वाढते. पुढे जून महिन्यात पाऊस लांबला, किंवा ऑगस्टमध्ये त्याने ओढ दिली, की हाच खेळ पुन्हा सुरू होतो. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि त्याच महिन्याचे देशाचे सरासरी तापमानही ऑगस्टपुरते तोवरचे सर्वाधिक नोंदले गेले. ढग नसल्याने ऊन अधिक पडले हे खरे. पण कोरड्या पडलेल्या जमिनीने त्यात भर घातली नसेल असे म्हणता येत नाही.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेच्या लाटेने सत्तर हजारांहून अधिक माणसे दगावली. त्या वर्षी वसंतातच पाऊस कमी पडून जमिनी कोरड्या झाल्या होत्या आणि त्या कोरडेपणाने लाटेची तीव्रता वाढविली, असे नंतरच्या अभ्यासांतून दिसून आले. २०१० साली रशियातही असेच घडले. २००४ साली बारा हवामान-प्रारूपांची तुलना करून शास्त्रज्ञांनी उन्हाळी महिन्यांत जमिनीतील ओलीचा पावसावर ठळक प्रभाव पडणारे पृथ्वीवरील मोजके प्रदेश दाखविले. अमेरिकेची मध्यवर्ती मैदाने आणि आफ्रिकेतील साहेल ह्यांच्या बरोबरीने भारताचा भाग त्यांत होता. पावसाच्या बाबतीत हा संबंध गुंतागुंतीचा आहे. तापमानाच्या बाबतीत तो अधिक सरळ आहे.

तापत्या जगात ह्या संबंधाला एक नवीन आणि भयावह वळण मिळते. १९०१ ते २०१८ ह्या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणजे हवेची तहान वाढते. तहानलेली हवा जमिनीची ओल लवकर शोषून घेते. ओल लवकर संपली की जमीन अधिक तापते. जमीन तापली की हवा अधिक तहानते. सावकाराच्या कर्जासारखे हे चक्र आहे. व्याज भरण्यासाठी नवे कर्ज, आणि त्या कर्जावर पुन्हा व्याज. पाऊस सरासरीइतका पडला तरी तो थोड्या दिवसांत धो धो कोसळून वाहून गेला, तर वर्षाच्या बेरजेत तो दिसतो, जमिनीत दिसत नाही. सरासरीच्या आकड्याने समाधान मानणाऱ्या प्रशासनाला हे उमगत नाही.

२०१८ साली मराठवाड्यात पावसाने दगा दिला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राज्य सरकारला दुष्काळ जाहीर करावा लागला. पुढच्याच एप्रिलात परभणीचा पारा ४७ च्या वर गेला. ह्या दोन घटनांचा संबंध एका वर्षाच्या उदाहरणावरून सिद्ध होत नाही, आणि तसा दावाही येथे करावयाचा नाही. वायव्येकडून येणारे उष्ण वारे, ढगांचा अभाव, वातावरणातील उच्च दाब, ह्या सर्वांचा वाटा असतोच. परंतु कोरड्या रानाने त्या लाटेला रोखले नाही, एवढे निश्चित म्हणता येईल.

मग जमिनीला पाणी द्या, ऊस लावा, रान हिरवे करा, म्हणजे उष्मा आपोआप कमी होईल, असा सोपा निष्कर्ष काही मंडळी काढतील. त्यांना वेळीच थांबविणे भाग आहे. गंगेच्या मैदानात बागायतीमुळे उन्हाळ्यातले कमाल तापमान काहीसे कमी राहिले हे खरे. परंतु गांधीनगरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुसरी बाजूही दाखविली. बागायतीने तापमान उतरते, पण हवेतील दमटपणा वाढतो, आणि उष्णता व दमटपणा मिळून माणसाच्या शरीरावर पडणारा ताण उलट वाढू शकतो. घाम सुकला तरच अंग गार होते. दमट हवेत तो सुकत नाही. जायकवाडीच्या कालव्याखालील उसाच्या फडात दुपारी जो शिरला आहे त्याला हे सांगण्यासाठी संशोधकाची गरज नाही. पारा दोन अंशांनी कमी असला तरी तेथे जीव अधिक घुसमटतो.

शिवाय हे पाणी कोणाचे? जायकवाडीचा पायाभरणी समारंभ १९६५ साली झाला, धरणाचे लोकार्पण १९७६ साली झाले, आणि डाव्या कालव्याचे शेपूट परभणी जिल्ह्यात येते. शेपटाला पाणी किती आणि केव्हा पोचते हे येथील शेतकऱ्याला विचारावे. राज्यातल्या पिकांखालील क्षेत्रापैकी अगदी थोड्या जमिनीवर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून बराच मोठा हिस्सा पितो. अशा स्थितीत ऊस लावून गारवा आणण्याची भाषा म्हणजे चार हेक्टरांवर हिरवे बेट उभे करून भोवतालची चाळीस हेक्टर रखरखीत ठेवण्याची भाषा आहे. पाण्याच्या वाटपात जी विषमता आहे तीच गारव्याच्या वाटपातही उतरते.

आणि ह्या विषमतेचा भार वाहतो कोण? ज्याच्या घरी वातानुकूलन यंत्र आहे, कूलर आहे, निदान पक्के छप्पर आणि दुपारी घरात बसण्याची सोय आहे, त्याला ४४ अंश हा बोलण्याचा विषय असतो. गंगाखेड, पालम, सोनपेठकडची जी कुटुंबे ऊसतोडीहून परत येऊन पत्र्याच्या घरात राहतात, ज्या बाया चैत्र-वैशाखात पऱ्हाटी उपटतात, हळद शिजवितात, वीटभट्टीवर विटा वाहतात, त्यांना तो मजुरीचा प्रश्न असतो. दुपारी काम थांबवावे तर मजुरी बुडते. करावे तर जीव जातो. उष्णतेच्या लाटेत घराबाहेर पडू नका, असा सल्ला सरकारी पत्रकात असतो. हा सल्ला लिहिणाऱ्याने रोजंदारी हा शब्द ऐकलेला नसावा.

वास्तविक ह्या महाराष्ट्राने ओलीचा आणि रोजगाराचा संबंध फार पूर्वी ओळखला होता. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे कामावर आली; वि. स. पागे ह्यांच्या विचारातून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले आणि तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्या योजनेतून बांधबंदिस्ती, नालाबांध, पाझर तलाव अशी कामे झाली. मजुराच्या हाताला काम आणि मातीच्या पोटात पाणी, असा तो दुहेरी हिशेब होता. २००५ साली केंद्राने देशभरासाठी असा कायदा केला तो ह्याच अनुभवावरून. पुढे मात्र बांध फुटले ते कोणी दुरुस्त केले नाहीत, तलाव गाळाने भरले. अलीकडच्या जलयुक्त शिवार मोहिमेत माथ्यापासून पायथ्यापर्यंत माती अडविण्याऐवजी यंत्रे लावून नाले खोल करण्यावरच भर राहिला, अशी टीका जलतज्ज्ञांनी केली. खोल केलेला नाला छायाचित्रात चांगला दिसतो. शेतातली ओल छायाचित्रात येत नाही. यंत्राचे बिल निघते; मजुराचे हजेरीपत्रक मात्र कोरे राहते.

आपल्या नियोजनाचा दोषही येथेच आहे. प्रा. वि. म. दांडेकर ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली प्रादेशिक अनुशेषाचा जो हिशेब मांडला त्याने मराठवाड्याच्या मागणीला आधार दिला, आणि ते मोठे काम होते. परंतु पाण्याचा अनुशेष तेव्हापासून आजतागायत आपण सिंचित हेक्टरांत मोजतो. कोरडवाहू जमिनीत मुरलेले पाणी ह्या हिशेबात कोठेच नाही. पिकाची पैसेवारी काढली जाते, पावसाचे मिलिमीटर मोजले जातात, धरणाची टक्केवारी जाहीर होते. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेत जमिनीतील ओलीचे निर्देशांक आहेत, पण ते पीक गेले की राहिले हे ठरविण्यासाठी. उन्हाळ्याच्या तयारीशी त्यांची सांगड कोणी घातलेली नाही.

ती घालता येण्यासारखी आहे. परभणीत १९७२ सालापासून कृषी विद्यापीठ आहे, त्याची वेधशाळा आहे. आज त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. महसूल मंडळांच्या पातळीवर पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजणारी स्वयंचलित केंद्रे राज्यभर उभी राहिली आहेत. त्यांच्या जोडीला प्रत्येक मंडळात मातीच्या निरनिराळ्या खोलीवरची ओल मोजण्याची सोय करावी. उपग्रह ओल मोजतात; परंतु अमेरिकेने २०१५ साली सोडलेल्या ‘स्मॅप’सारख्या उपग्रहाला थेट दिसते ती वरच्या पाच सेंटिमीटरांची. ज्वारीचे मूळ आणि जमिनीची भेग त्याहून फार खाली जाते. फेब्रुवारीच्या अखेरीस, धरणसाठ्याप्रमाणेच, जिल्ह्याच्या मातीत किती पाणी उरले हे जाहीर व्हावे. ज्या वर्षी ते कमी असेल त्या वर्षी उन्हाळा लवकर आणि कडक येण्याची शक्यता धरून मार्चपासूनच कामाच्या वेळा पहाटेवर आणाव्या, सावली आणि पिण्याचे पाणी ह्यांची सक्ती करावी, आणि दुपारच्या सुटीची मजुरी कापली जाणार नाही असा नियम करावा. ह्याला फार पैसा लागत नाही. इच्छाशक्ती लागते.

दुसरे, रोजगार हमीची कायदेशीर चौकट दिल्लीत कशीही बदलो, गावातील पहिला हक्क मृद्‌संधारणाच्या कामांना, आणि त्यातही जुन्या बांधांच्या दुरुस्तीला मिळावा. शेतातल्या शेतात पाणी मुरविणारी रुंद वरंबा-सरीची पद्धत कृषी विद्यापीठ सांगत आले आहे. ती लहान शेतकऱ्यापर्यंत अवजारासह पोचवावी. सोयाबीनचे काड आणि पऱ्हाटी पेटवून देण्याऐवजी त्यांचे आच्छादन करावे, असे आपण सहज म्हणतो. पण पऱ्हाटी हे गरिबाच्या चुलीचे सरपण आहे, हे विसरून चालणार नाही. त्याच्या इंधनाची सोय आधी, आच्छादनाचा उपदेश मग.

तिसरे, कालव्याच्या पाण्याचा प्रश्न. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे ह्यांनी पाणी पंचायतीत दाखवून दिले की पाणी जमिनीच्या मालकीवर नव्हे तर घरातील माणसांच्या संख्येवर वाटता येते, भूमिहीनालाही त्यात वाटा देता येतो आणि उसाला नकार देता येतो. गोदावरीच्या खोऱ्यात ह्याच तत्त्वाने थोडे थोडे पाणी अधिक जमिनीला मिळाले, तर ओल पसरेल, आणि ओलीबरोबर गारवाही पसरेल.

ह्या सर्वांनी जगाचे तापणे थांबणार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्यांनी दीडशे-दोनशे वर्षे कोळसा आणि तेल जाळून हवा बिघडविली, त्यांच्या पापाचा हिशेब परभणीच्या कोरडवाहू शेतकऱ्याने बांध घालून चुकता करावा, अशी अपेक्षा करणे हा अन्याय होय. ती लढाई वेगळी आहे आणि ती लढलीच पाहिजे. परंतु तिचा निकाल लागेपर्यंत वैशाखाची प्रत्येक दुपार कोणाच्या तरी डोक्यावर पडणार आहे. ती दुपार किती तापेल ह्याचा काही भाग तरी आदल्या आश्विनात आपण शेतात किती पाणी मुरविले ह्यावर अवलंबून आहे. जी गोष्ट आपल्या हाती आहे तिचा तरी हिशेब आपण ठेवणार की नाही, एवढाच प्रश्न येथे विचारावयाचा आहे. येत्या फेब्रुवारीत जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत यलदरीच्या टक्केवारीबरोबर जिल्ह्याच्या मातीतील पाण्याचा आकडा मागणारा एक जरी सदस्य उभा राहिला, तरी ह्या लेखाचे काम झाले असे मी समजेन.